निरोप्याची नावे

श्रोतेहो, मराठीतील ‘निरोप’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. आपण निरोप पाठवितो आणि आपण निरोप घेतोही. पहिल्यात बोलणे दुसऱ्याकडे पोचवावयाचे असते. दुसऱ्यात माणसाने उठून निघून जावयाचे असते. हे दोन अर्थ एकाच शब्दात एकत्र कसे नांदतात, याचे आम्हांस पुष्कळ दिवस नवल वाटत असे. पुढे ध्यानात आले की, जुन्या काळी या दोन गोष्टी फारशा वेगळ्या नव्हत्याच. कोणीतरी घर सोडून वाटेला लागल्यावाचून कोणाचेही बोलणे कोणाला पोचत नसे. बोलण्याला पाय नसतात. ते माणसाचे उसने घ्यावे लागतात.

ज्याचे पाय उसने घ्यावयाचे त्याला काय म्हणावयाचे, हा आजचा विषय आहे. दूत, हेजीब, वकील, जासूद, कासीद, हरकारा, डाकवाला, कोतवाल, वार्ताहर, प्रेषित, पैगंबर, अशी त्याची नावे आपल्या भाषेत पडलेली आहेत. यांतील काही नावांपुढे माणसे मस्तक नमवितात. काही नावे अंगणाच्या बाहेर उभी राहिली. काम मात्र सर्वांचे एकच, दुसऱ्याचा शब्द तिसऱ्यापर्यंत नेण्याचे. एकाच कामाच्या नावांत एवढे अंतर का पडले, हे पाहू गेल्यास शब्दकोशाच्या पानांतून समाजाचा इतिहास डोकावू लागतो. त्या इतिहासातील काही भाग थेट आपल्या गोंदिया जिल्ह्यातला आहे. म्हणून हा विषय आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही ठरविले.

आरंभ वेदांपासून करू. ऋग्वेदात अग्नीला देवांचा आणि माणसांचा दूत म्हटले आहे. माणसाने अर्पण केलेले हवि तो वर नेतो आणि देवांना खाली यज्ञाकडे बोलावून आणतो. म्हणजे दोन्ही बाजूंना जाणे-येणे असलेला असा हा पहिला निरोप्या. त्याच ग्रंथाच्या दहाव्या मंडलात सरमेची कथा आहे. पणींनी गाई लपविल्या तेव्हा इंद्राने सरमेला त्यांच्याकडे धाडले. पणी तिला बहीण म्हणून घेऊ पाहतात, गाईंचा वाटा देऊ करतात, पण ती आपले काम सोडीत नाही. दूताला दाखविलेले आमिष आणि दूताने ते नाकारणे, हा प्रसंग इतका जुना आहे. दूताची खरी परीक्षा कोठे असते, हे आपल्या पूर्वजांनी फार लवकर ओळखले होते.

कौटिल्याने या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात दूतांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात दूतांचे तीन वर्ग केले आहेत. ज्याला प्रसंग पाहून बोलण्याचा पूर्ण अधिकार दिला तो ‘निसृष्टार्थ’. ज्याचा अधिकार ठराविक कामापुरता तो ‘परिमितार्थ’. आणि ज्याने केवळ लेख न्यावयाचा व उत्तर आणावयाचे तो ‘शासनहर’. गुणांचे मापही त्याने दिले आहे. अमात्याचे सर्व गुण असतील तर पहिला, पाव भाग कमी असेल तर दुसरा, अर्धे असतील तर तिसरा. ही तीन मापे आपण लक्षात ठेवावीत अशी विनंती आहे. शेवटी त्यांचे काम पडणार आहे.

त्याच प्रकरणात आणखी एक विचार आहे. दूत हे राजांचे मुख होत. शस्त्रे उगारली गेली तरी त्यांनी सांगितले तसेच बोलावयाचे असते. म्हणून दूत अंत्यज असला तरी तो अवध्य आहे, मग ब्राह्मणाची गोष्ट ती काय, असा त्याचा आशय आहे. लंकेत हनुमंताला मारावयास निघालेल्या रावणाला बिभीषणाने हाच दूतधर्म सांगितला. जो बोलतो त्याचे ते बोलणे नव्हे, मग शिक्षा त्याला का, हा यातील न्याय होय. येथे कौटिल्याने मुद्दाम अंत्यजाचा उल्लेख केला आहे, हेही आपण विसरू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आमगावजवळ पदमपूर नावाचे गाव आहे. महाकवी भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत स्वतःला पद्मपूरचा म्हणवितो. ते पद्मपूर म्हणजे हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या ताम्रपटाचा आधार घेऊन प्रतिपादन केले. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे ते यामुळेच. दूताला काव्यात अमर करणारे दोन कवी विदर्भाशी जोडलेले आहेत, ही आपल्या भूमीस भूषणावह अशी गोष्ट आहे. कालिदासाच्या मेघाने ज्या रामगिरीवरून प्रयाण केले, तो रामटेकचाच डोंगर होय, हेही मिराशींचेच मत. इकडे आठव्या शतकातल्या भवभूतीने ‘मालतीमाधवा’त माधवाच्या तोंडून मेघालाच निरोप सांगविला आहे.

पण भवभूतीचा खरा दूत मेघ नव्हे. तो ‘उत्तररामचरिता’तील दुर्मुख होय. पहिल्या अंकात राम-सीता आपल्या गतायुष्याची चित्रे पाहतात. सीता थकते आणि रामाच्या बाहूवर डोके ठेवून निजते. त्या क्षणी दुर्मुख प्रवेश करतो. नगरात लोक काय बोलतात ते ऐकून राजाला कळविणे, हे त्याचे काम. सीतेविषयीचा लोकापवाद त्याने ऐकला आहे. हे राजाला कसे सांगू, असे त्याच्या मनात येते. आणि आपल्यासारख्या अभाग्याच्या वाट्याला असलेच काम यावयाचे, असे म्हणून तो रामाच्या कानात सांगतो. पुढे जे व्हावयाचे ते होते.

या पात्राचे नावच पाहा. दुर्मुख, म्हणजे वाईट तोंडाचा. वस्तुतः वाईट तोंडे नगरातल्या लोकांची. त्यांनी जे म्हटले तेच त्याने सांगितले, त्यात एक अक्षर वाढविले नाही आणि भीतीने एक अक्षर गाळलेही नाही. तरीही वाईट तोंडाचा म्हणून नाव पडले ते त्याचे. भवभूतीने दुर्मुखाला रडविले आहे, पण खोटे बोलू दिलेले नाही. दूताचा सारा धर्म आणि सारे दुःख या एका पात्रात आम्हांस दिसते.

असो. काव्यातून राज्यकारभारात येऊ. मुसलमानी अमलात दूताच्या नावांनी फार्सी-अरबी पेहराव केला. शिवकालात राजाच्या वतीने बोलणी करणाऱ्यास ‘हेजीब’ म्हणत. १६५९ साली प्रतापगडच्या प्रसंगी महाराजांकडून पंताजी गोपीनाथ हेजीब म्हणून गेले होते, हे प्रसिद्धच आहे. पेशवाईत ‘वकील’ हा शब्द रूढ झाला. ज्याच्यावर काम सोपविले तो वकील, असा मूळचा अर्थ. आज वकील म्हटला की आपणांस न्यायालय आठवते, त्या काळी दरबार आठवे. शब्द दरबारातून कोर्टात गेला, पण दुसऱ्याच्या वतीने बोलणारा हा त्याचा गाभा तसाच राहिला.

वकिलाच्या खालच्या पायरीवर जासूद, कासीद आणि हरकारे. जासूद हा ‘जासूस’ या शब्दाचाच मराठी अवतार. त्यामुळे पत्र नेणारा आणि बातमी काढणारा हे दोन्ही अर्थ त्यात राहिले. कासीद म्हणजे पत्र घेऊन जाणारा. हरकारा म्हणजे हर काम करणारा. जासूद पुष्कळदा जोडीने पाठवीत, त्यामुळे जुन्या पत्रांत ‘जासूदजोडी’ हा शब्द ठिकठिकाणी भेटतो. वाटेत एकाला वाघाने, तापाने किंवा शत्रूने गाठले तर दुसऱ्याने पुढे जावे, ही सोय त्यात साहजिकच होती. जुन्या पत्रांत आणखी एक रीत दिसते. सगळे कागदावर लिहीत नसत. नाजूक मजकूर पत्र नेणारा तोंडाने सांगेल, असे कळवीत. कागद शत्रूच्या हाती पडला तरी मर्म माणसापाशीच राहावे, हा हेतू. अर्थात पत्रापेक्षा पत्र नेणाऱ्यावर अधिक विश्वास टाकलेला असे.

हा विश्वास कधी फळे, कधी फसे. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले. नानासाहेब पेशवे त्या वेळी उत्तरेकडे निघाले होते आणि माळव्यात होते. आपल्या सेनेचे काय झाले ते त्यांना ठाऊक नव्हते. तेथे एका सावकाराचा कासीद त्यांच्या हाती लागला आणि त्याच्याजवळच्या पत्रात मोत्ये, मोहरा व खुर्दा यांच्या हिशेबाच्या भाषेत सर्वनाशाची वार्ता निघाली, असे सांगतात. साम्राज्याच्या धन्याला आपल्या मुलाच्या आणि भावाच्या मृत्यूची बातमी, दुसऱ्याच कोणाला चाललेल्या निरोपातून मिळावी! त्या कासिदाचे नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे काय?

आपला मुलूख त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, म्हणून त्यांच्या वकिलांचीही आठवण केली पाहिजे. १७७८ साली वॉरन हेस्टिंग्जने मुधोजी भोसल्यांकडे अलेक्झांडर इलियट नावाचा आपला वकील धाडला. कलकत्त्याहून ओडिशा-छत्तीसगडच्या वाटेने तो नागपुरास निघाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सारंगगडच्या मुलखात तापाने मरण पावला. वय अवघे विशीतले. निरोप पोचण्याआधीच निरोप्याने निरोप घेतला. हेस्टिंग्जने त्याची समाधी बांधविली.

उलट दिशेने मुधोजींचे वकील बेनीराम पंडित हेस्टिंग्जपाशी होते. त्या वर्षांत पुणे, हैदर, निजाम आणि नागपूर यांनी मिळून इंग्रजांवर चालून जाण्याचा बेत ठरला होता. अशा काळात, १७८१ साली, काशीत चेतसिंगाच्या बंडाने हेस्टिंग्ज अडचणीत सापडून चुनारला पळाला, तेव्हा बेनीराम आणि त्यांचे बंधू यांनी त्याला एक लाख रुपये देऊ केले. पुढे हेस्टिंग्जकडून त्यांना जहागीरही मिळाली. त्यांनी हे मुधोजींच्या मनातले ओळखून केले की स्वतःच्या हिताकरिता केले, यावर वाद घालता येईल. मुधोजींचाही कल इंग्रजांशी उघड वैर न करण्याचाच होता. पण पणींनी सरमेपुढे ठेवलेल्या गाईंची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. ज्याला बोलण्याचा पूर्ण अधिकार दिला, त्याच्याकडून धनी आणि पाहुणा यांतील रेघ पुसट होऊ शकते. कौटिल्याचा निसृष्टार्थ दूत हा असा दुधारी असतो.

राजांच्या दूतांविषयी एवढे पुरे. देवाच्या दूतांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण ‘दूत’ या अर्थाच्या शब्दांना जगात जी थोरवी लाभली ती धर्मामुळे. ग्रीक भाषेत ‘अँगेलोस’ म्हणजे साधा निरोप्या. त्याचाच पुढे इंग्रजी ‘एंजल’ झाला आणि मराठीत आपण त्याला देवदूत म्हणालो. ग्रीक ‘अपोस्टोलोस’ म्हणजे धाडलेला. त्याचे मराठी ‘प्रेषित’. अरबी ‘रसूल’ म्हणजेही पाठविलेला, आणि फार्सी ‘पैगंबर’ म्हणजे पैगाम नेणारा. निरनिराळ्या धर्मांनी आपल्या अत्यंत पूज्य पुरुषांसाठी शब्द निवडला तो राजा किंवा विजेता या अर्थाचा नव्हे. दुसऱ्याचा शब्द प्रामाणिकपणे आणणारा, या अर्थाचा. आपल्याकडे यमालाही दूत आहेत. त्यांचा मात्र आपण धसका घेतो, कारण त्यांचा निरोप बदलता येत नाही.

आता सामान्य माणसाच्या निरोपाकडे वळू. १३३३ साली हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने येथील डाकेचे वर्णन करून ठेवले आहे. घोड्यांची डाक होती आणि पायी डाकही होती. पायी डाकेच्या चौक्या अगदी जवळजवळ असत. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याचे घुंगरू बांधलेली काठी. घुंगरांचा आवाज ऐकताच पुढच्या चौकीचा माणूस सज्ज होई. ही पायी डाक घोड्यांपेक्षा जलद असल्याचे तो लिहितो. सुलतान दौलताबादेस असता त्याच्यासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून असेच आणीत. मात्र ही सारी डाक सरकारची. रयतेच्या निरोपाला तिथे जागा नव्हती.

ती जागा सर्वांना परवडेल अशी झाली १८५४ साली. या वर्षाचा योगायोग आपणांस विचार करावयास लावील. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. दरबार संपला तसे भोसल्यांचे वकीलही इतिहासजमा झाले. त्याच वर्षी नवा टपालाचा कायदा झाला आणि ऑक्टोबरपासून पाव तोळ्याच्या पत्रास देशभर कोठेही अर्धा आणा असा एकच दर ठरला. राजाचा दूत गेला आणि रयतेचा दूत आला. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले. पुढे १८८२ च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे आपल्या भागातून पूर्वेस राजनांदगावपर्यंत गेली. १८८७ साली निघालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती रुंद केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरची लहान गाडी येथून फुटली. गोंदिया जंक्शन झाले ते माणसांचे आणि मालाचे, तसेच पत्रांच्या थैल्यांचेही. पण स्टेशनापासून आत जंगलाच्या गावापर्यंत थैली नेणारा अखेर पायीच होता. त्याच्या भाल्याला तेच घुंगरू होते, जे इब्न बतूताने ऐकले होते. पाच शतकांत राजवटी बदलल्या, पण धावणाऱ्याची खूण तीच राहिली.

या कार्डांनाही बोली होती. लग्नाच्या पत्राच्या कडांना हळदकुंकू लागलेले असे. कोपरा फाडलेले कार्ड आले की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई. तारेचे तर विचारावयास नको. पोस्टातला माणूस तार घेऊन गल्लीत शिरला की, ती मुलगा परीक्षेत पास झाल्याची असली तरी आईच्या पायांतले बळ जाई. ही तार १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशात बंद झाली. तरुण श्रोत्यांना तिचा दरारा आता सांगूनच कळावयाचा.

पण कार्ड आणि तार येण्यापूर्वी, आणि आल्यावरही कित्येक वर्षे, खेड्यापाड्यांत मृत्यूची वार्ता कोण नेत होते? हाच आमच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे.

पुष्कळ गावांत शुभाचे बोलावणे न्हाव्याकडे असे आणि अशुभाचा सांगावा महाराकडे. आपला भाग त्या वेळी मध्यप्रांतात. तेथे गावचा कोतवाल हा बहुधा महार किंवा तशाच, सवर्णांनी अस्पृश्य मानलेल्या जातीचा असे. ‘कोतवाल’ या शब्दाची कहाणी वकिलाच्या उलट आहे. एके काळी कोतवाल म्हणजे मोठ्या शहराचा रक्षक, त्याच्या हाताखाली शिपाई असावयाचे. तोच शब्द खेड्यात आला तेव्हा सर्वांच्या हाताखालचा एकटा माणूस झाला. दवंडी देणे, साहेबाचे सामान वाहणे, सरकारी कागद पुढच्या गावी नेणे ही त्याची कामे. गावातील जन्म-मृत्यूंची खबर ठाण्यावर पोचविण्याचे कामही त्याचेच. म्हणजे या जिल्ह्यात कोण जन्मले आणि कोण वारले, हे सरकारला कळले ते त्याच्या पायांनी. ज्या नोंदींवरून पुढे साथींची मोठमोठी कोष्टके झाली, त्या नोंदींची वही खाकेत मारून मैल न् मैल जाणाऱ्या पुष्कळांना, त्या वहीत काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते.

आता तो मृत्यूचा सांगावा डोळ्यांपुढे आणा. रात्र आहे, पाऊस आहे, वाट जंगलाची आहे. पाच-सात कोसांवर लेक नांदते आहे आणि इकडे बाप गेला आहे. निघावयाचे त्यानेच, नाही म्हणण्याची सोय नाही. पोचल्यावर अंगणाच्या कडेला उभे राहून हाक मारावयाची. आणि काय सांगावयाचे? जो जाणता असे, तो एकदम ‘गेला’ असे म्हणत नसे. ‘बरे नाही, लगेच निघा’ एवढेच म्हणे. लेकीला कळावयाचे ते कळे, पण वाट चालण्याइतके बळ तिच्या पायांत राही. म्हाताऱ्या बहिणीला एक शब्द, धाकट्या भावाला दुसरा. कोणापुढे थांबावयाचे, कोणाला आधी बाजूला घ्यावयाचे, हे सारे त्याचे त्याने ठरवावयाचे.

कौटिल्याची तीन मापे आता काढू. जो केवळ लेख नेतो तो शासनहर, सर्वांत खालचा. समाजाने या माणसाला शासनहराच्याही खाली बसविले. परंतु प्रसंग पाहून शब्द निवडण्याचा जो अधिकार निसृष्टार्थाचा, तो या माणसाने जन्मभर बजाविला. अमात्याचे सर्व गुण ज्याला हवेत असे शास्त्र म्हणते, ते काम त्याने कोरभर भाकरीवर आणि मूठभर धान्यावर केले. बेनीरामांना एका प्रसंगाकरिता जहागीर मिळाली. याला शिळे अन्न आणि शिवाशिव मिळाली. दूत अंत्यज असला तरी अवध्य, असे शास्त्राने म्हटले होते. गावाने त्याला मारले नाही हे खरे. पण त्याला माणूस म्हणून ओसरीवरही घेतले नाही.

हा अन्याय ज्यांनी ओळखला त्यांनी तो बोलून दाखविला. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम महारवतनाच्या नावाने वंशपरंपरेने गळ्यात पडलेले होते. रात्रंदिवस हाकेला हजर राहावयाचे आणि मोबदला नाममात्र. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला, म्हणजे त्यांच्या पश्चात. ‘तराळ’ हा शब्दही याच गावकामगाराचा. शंकरराव खरातांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावात तो अभिमानाने घातला. बाबासाहेब १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे होते, त्या वेळी आपला हा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पण सांगावा नेणाऱ्याच्या मुलाने सांगावा लिहावा आणि वाचावा, हा त्यांचा आग्रह या मुलखात रुजला, हे आपण सर्व जाणतो.

आता आजच्या काळाविषयी थोडे बोलून आम्ही संपविणार आहोत. निरोप्याचे नाव विज्ञानानेही घेतले आहे. पेशीच्या केंद्रातील आज्ञेची नक्कल घेऊन प्रथिने बनविणाऱ्या ठिकाणी जाणारा एक रेणू आहे. १९६१ साली त्याचा शोध लागला. मराठीत त्याला संदेशवाहक आरएनए म्हणतात. तो निरोप पोचवितो आणि मग मोडून जातो. करोनाच्या साथीत याच रेणूच्या लसी निघाल्या आणि २०२३ चे नोबेल पारितोषिक त्यामागील संशोधनाबद्दल कॅटालिन कारिको व ड्रू वाइसमन यांना मिळाले.

आणि आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज एक निरोप्या आहे. ‘मेसेंजर’ हा इंग्रजी शब्द आता माणसाचे नाव राहिला नसून यंत्रातील एका सोयीचे नाव झाला आहे. या निरोप्याला वाघाची भीती नाही, पावसाची अडचण नाही, जात नाही. हे फार चांगले झाले. परंतु त्याला चेहराही नाही. जुना जासूद विचारल्यास सांगू शके की, हे मी अमक्याकडून ऐकले. कोतवालाला दुसऱ्या दिवशी त्याच गावात राहावयाचे होते, म्हणून तो खोटा सांगावा नेत नसे. आता शब्द येतो, पण त्याबद्दल उत्तर द्यावयास कोणी उभे नसते.

याचा परिणाम काय होतो ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे महाराष्ट्राने पाहिले. मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, अशी वार्ता फोनांवरून गावोगाव पसरली होती. कोणी धाडली, कोणी पाहिले, हे कोणाला ठाऊक नव्हते. त्या दिवशी बाजारात भिक्षा मागत आलेल्या भटक्या जमातीच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते निरपराध होते. दुर्मुखाने लोकापवाद सांगितला तेव्हा त्याला निदान ठाऊक होते की, आपण एक भयंकर गोष्ट बोलत आहोत. त्याचा कंठ दाटला होता. ती वार्ता पुढे ढकलणाऱ्या शेकडो बोटांपैकी एकही क्षणभर थरथरले असते, तर ती पाच माणसे संध्याकाळी आपल्या पालावर परतली असती.

श्रोतेहो, पूर्वी निरोप नेणारे थोडे आणि पाठविणारे पुष्कळ होते. आज आपण सर्वच निरोप नेणारे झालो आहोत. ते काम हलके म्हणून आपण ज्यांच्याकडे ढकलले होते, त्यांनी ते कसे केले हे शिकण्याची पाळी आता आपल्यावर आली आहे. ऐकले ते कोणाकडून, ते खरे की नाही, ते कोणापुढे कोणत्या शब्दांत बोलावे, आणि उद्या कोणी विचारले तर ‘होय, मी सांगितले’ असे म्हणता येईल की नाही, एवढे चार प्रश्न त्या जाणत्या कोतवालाच्या मनात असत. त्याचे नाव आपल्या इतिहासात नाही. भवभूतीचे पदमपूर ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातील एखाद्या जुन्या वाटेने आपण कधी गेलात, तर त्या वाटेवरून रात्री-अपरात्री दुसऱ्याचे दुःख पाठीवर घेऊन गेलेल्या त्या माणसाची एकवार आठवण करावी. एवढा निरोप आपणांस सांगून आम्ही आपला निरोप घेतो.